'गुप्त' म्हणजे कोणापासून गुप्त?

पाठ्यपुस्तकातील एखादी व्याख्या सैल असली तर आपण शिक्षक लगेच पेन्सिल उचलतो. समासात प्रश्नचिन्ह करतो, वर्गात ती सुधारून सांगतो. संगणकावरील ब्राउझरच्या सेटिंग्जचे पान मात्र आपण असे कधी वाचत नाही. तेथे जे शब्द छापलेले असतात ते तसेच खरे धरतो आणि मुलांनाही तसेच सांगतो. या लेखात ते पान एका पाठासारखे वाचून पाहायचे आहे. त्या पानावरून तयार होणाऱ्या 'सायबर सुरक्षे'च्या सूचना भित्तिपत्रकांतून आणि प्रशिक्षणांतून शाळांपर्यंत पोहोचतात; त्यांचीही तपासणी करायची आहे.

त्यासाठी सातारा-सांगली भागातील एखाद्या माध्यमिक शाळेचा संगणक डोळ्यांपुढे आणा. सकाळी त्यावर यू-डायसची माहिती भरली जाते. दुपारी नववीची मुले प्रकल्पासाठी चित्रे शोधतात. लिपिक शालार्थमध्ये पगारबिल तयार करतात आणि सुटी होता होता कोणी शिक्षक आपला ईमेल उघडून पाहतात. यंत्र एक, विंडोजचे खाते एक, ब्राउझर एक आणि वापरणारे पन्नास. सेटिंग्जचे पान लिहिणाऱ्याच्या मनात मात्र एकच माणूस असतो: स्वतःच्या यंत्रापुढे बसलेला, ते यंत्र दुसऱ्या कोणालाही न देणारा. पहिली मोठी उणीव येथेच आहे.

एका शीर्षकाखाली दोन प्रश्न

बहुतेक ब्राउझरांत गोपनीयता आणि सुरक्षा यांसाठी एकच पान असते. दोन्ही शब्द जोडीने आल्यामुळे ते समानार्थी आहेत, एक वाढले की दुसरेही वाढते, असा समज होतो. वस्तुतः हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सुरक्षितता म्हणजे आपले नुकसान करू पाहणाऱ्यापासून बचाव: परवलीचा शब्द चोरणारे खोटे संकेतस्थळ, फाइलबरोबर आत येणारी घातक आज्ञावली, आपल्या नावाने व्यवहार करणारा भामटा. गोपनीयता म्हणजे आपल्याविषयी कोणाला काय कळावे यावर आपला ताबा. येथे समोरचा माणूस चोर असेलच असे नाही. तो सेवा देणारी कंपनी असेल, जाहिरातदार असेल, शेजारच्या बाकावरचा मित्र असेल किंवा आपण शिक्षकही असू.

वाड्याच्या दिंडी दरवाजाला अडसर घातला की चोरापासून सुरक्षितता आली. पण आतल्या खोल्यांना दारेच नसतील तर घरातल्या कोणालाही गोपनीयता नाही. याच्या उलट, दारावर पहारेकरी नेमला तर सुरक्षितता वाढते. मात्र घरात कोण येते, कोण जाते हे त्या पहारेकऱ्याला रोज कळू लागते. म्हणून कोणत्याही सेटिंगची किंमत ठरवण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: कोणापासून? सेटिंग्जच्या पानावर हाच प्रश्न बहुधा गाळलेला असतो.

शब्दाचा दोष

क्रोम या ब्राउझरमध्ये ज्या खिडकीला इंग्रजीत 'इनकॉग्निटो' म्हणतात तिला मराठी आवृत्तीत 'गुप्त' हा शब्द योजला आहे. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ 'ओळख न देता' असा. तोच पुरेसा दिशाभूल करणारा आहे. मराठी शब्द त्याहून पुढे जातो. गुप्तदान, गुप्तधन, गुप्तहेर हे शब्द ऐकत वाढलेल्या मुलाला 'गुप्त' म्हटले की 'कोणालाच न कळणारे' असेच वाटणार.

प्रत्यक्षात ही खिडकी काय करते? तिच्यात भेट दिलेल्या पानांची यादी, कुकी आणि अर्जांत भरलेला मजकूर, अशा सर्व खिडक्या बंद केल्यावर, त्या यंत्रावर साठवून ठेवला जात नाही. एवढेच. उतरवून घेतलेल्या फाइली यंत्रावर राहतात. ज्या संकेतस्थळाला भेट दिली त्याला भेट कळते, इंटरनेट पुरवणाऱ्याला जोडणी कळते आणि शाळेच्या जाळ्यावर देखरेख असेल तर तेथेही नोंद होते. आणखी एक बारकावा शाळेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. एका मुलाने गुप्त खिडकी उघडीच ठेवली आणि दुसऱ्याने आणखी एक गुप्त खिडकी उघडली, तर दोन्ही खिडक्यांचे सत्र एकच असते. पहिल्याचा ईमेल उघडा असेल तर तो दुसऱ्यालाही उघडा मिळतो.

म्हणजे ही खिडकी 'नंतर या यंत्रावर बसणाऱ्यापासून' गोपनीयता देते. शाळेच्या सामायिक संगणकावर हा गुण खरोखर मोलाचा आहे. खिडकी वाईट नाही, तिचे नाव वाईट आहे. या गोंधळावरून जून 2020 मध्ये अमेरिकेत गूगलवर खटला झाला. एप्रिल 2024 मध्ये न्यायालयापुढे मांडलेल्या तडजोडीत कंपनीने अशा खिडक्यांतून जमा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले आणि खिडकीच्या पहिल्या पानावरील सूचनाही सुधारली. नाव तेच राहिले. मराठी भाषांतर करणाऱ्याला येथे चांगली संधी होती. 'तात्पुरती खिडकी' किंवा 'नोंद न ठेवणारी खिडकी' म्हटले असते तर अर्धे शिक्षण शब्दानेच झाले असते.

पहारेकऱ्याची किंमत

गोपनीयता आणि सुरक्षितता यांची ओढाताण पाहायची असेल तर 'सेफ ब्राउझिंग' या सोयीसारखे उदाहरण नाही. धोकादायक संकेतस्थळ उघडण्यापूर्वी तांबडे पान दाखवून ती आपल्याला थांबवते. पण एखादा पत्ता धोकादायक आहे की नाही हे ठरवण्यासाठी तो कोणाला तरी विचारावा लागतो, आणि विचारले की आपण कोठे चाललो आहोत हे त्याला कळते.

क्रोममधील 'प्रमाणित' पातळीवर यावर काढलेला तोडगा गणिताच्या शिक्षकांना आवडेल. ब्राउझर पत्त्यावर एक गणिती प्रक्रिया करून त्याचा 256 बिटांचा ठसा काढतो आणि त्यातील फक्त पहिले 32 बिट चौकशीसाठी पाठवतो. 32 बिटांतून 2 चा 32 वा घात, म्हणजे सुमारे 429 कोटी वेगवेगळे तुकडे होतात. जगातील पत्ते त्याहून कितीतरी अधिक असल्याने एकच तुकडा अनेक पत्त्यांचा असू शकतो. उत्तर म्हणून त्या तुकड्याने सुरू होणारे सर्व धोकादायक ठसे परत येतात आणि शेवटची जुळणी आपल्याच यंत्रावर होते. 2024 पासून ही चौकशी मधल्या एका दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत जाते. विचारणारा कोण हे मधल्याला कळते, पण काय विचारले ते कळत नाही. गूगलला काय विचारले ते कळते, पण कोणी विचारले ते कळत नाही.

त्याच पानावर 'वर्धित' नावाची दुसरी पातळी आहे. ती निवडली की उघडलेल्या पानांचे पत्ते व काही नमुना मजकूर थेट गूगलकडे तपासणीस जातो. नव्या धोक्यांपासून संरक्षण वाढते आणि कंपनीला आपल्याविषयी कळणारी माहितीही वाढते. पानावर मात्र या पातळ्या चांगली आणि अधिक चांगली अशा पायऱ्यांसारख्या मांडल्या आहेत. देवाणघेवाणीची गोष्ट प्रगतीची गोष्ट म्हणून सांगितली आहे. गूगलला काय कळेल हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. पण बारीक अक्षरांत लिहिलेला मुद्दा आणि शीर्षकात लिहिलेला मुद्दा यांत किती फरक असतो हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तर निवड काय करावी? शाळेच्या संगणकावर निदान 'प्रमाणित' पातळी चालू हवीच. गोपनीयतेच्या नावाखाली ती बंद करणे म्हणजे पहारेकरी नको म्हणून दरवाजाच काढून टाकणे. जो संगणक केवळ बँक आणि शासकीय कामासाठी आहे आणि ज्यावर अनोळखी फाइली वारंवार येतात, तेथे 'वर्धित' पातळीचा सौदा परवडू शकतो. मुलांच्या संगणकावर तो करताना मुलांच्या वतीने आपण काय देतो आहोत याचा विचार हवा.

भित्तिपत्रकावरील नियम

आता भित्तिपत्रकांकडे वळू. 'पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र पाहा, मग ते संकेतस्थळ सुरक्षित' हा नियम अजूनही अनेक ठिकाणी लावलेला दिसतो. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचे यंत्र आणि समोरचा सर्व्हर यांच्यामधली वाट बंदिस्त आहे. समोरचा प्रामाणिक आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही. भामट्यालाही हे कुलूप मिळते, तेही फुकट. लोक याचा चुकीचा अर्थ लावतात हे लक्षात आल्यावर क्रोमने सप्टेंबर 2023 मध्ये ते चित्रच काढून टाकले. ब्राउझरने आपला पाठ दुरुस्त केला. भित्तिपत्रक मात्र जुनेच राहिले. आता त्या जागी पत्त्याचे वाचन शिकवायला हवे. पत्त्यातील पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीचा भाग खरा मालक सांगतो. त्याच्या डावीकडे कोणतेही ओळखीचे नाव जोडता येते.

दुसरा नियम 'कुकी पुसून टाका' असा. कुकी 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी योजली. त्यापूर्वी सर्व्हरला प्रत्येक विनंती नवीच वाटे. मघाशी आलेला ग्राहक हाच, हे ओळखण्याची सोय नव्हती. ही चिठ्ठी ज्या संकेतस्थळावर आपण आहोत त्याचीच असेल तर ती उपयोगी असते. त्रास देतात त्या त्रयस्थांच्या कुकी. एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा शंभर पानांवर बसवलेला असला की त्या शंभर भेटींची माळ तिला ओवता येते. सफारीने मार्च 2020 मध्ये त्रयस्थ कुकी पूर्णपणे अडवल्या. फायरफॉक्सने जून 2022 पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गूगलने जानेवारी 2020 मध्ये दोन वर्षांत त्या बंद करू असे जाहीर केले, मुदत पुनःपुन्हा वाढवली आणि जुलै 2024 मध्ये तो बेत सोडून दिला. म्हणून क्रोमच्या साध्या खिडकीत त्या अडवायच्या तर आपल्यालाच सेटिंग बदलावे लागते. जाहिरातीतून मिळकत असलेली कंपनी ब्राउझरही बनवते तेव्हा मूळ सेटिंग कोणाच्या सोयीने ठरते, हे या एका तुलनेतून मुलांना दाखवता येईल.

तिसरा सल्ला उत्साही मंडळींचा असतो: गोपनीयतेसाठी चार-पाच जोडण्या, म्हणजे एक्स्टेन्शन, बसवा. येथे औषधच अपाय करू शकते. पाने वाचण्याची परवानगी मिळालेली जोडणी आपण पाहतो ते सर्व पाहू शकते. 'ग्रेट सस्पेंडर' ही वीस लाखांहून अधिक लोकांनी वापरलेली जोडणी 2020 मध्ये दुसऱ्याला विकली गेली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये तिच्यात घातक भाग असल्याचे सांगून गूगलने ती बंद केली. वापरणाऱ्यांनी काहीही चूक केली नव्हती. मालक बदलला होता. शिवाय वेगळेपणा हीच ओळख ठरते. अमेरिकेतील 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन' या संस्थेने 2010 मध्ये सुमारे 4 लाख 70 हजार ब्राउझरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील 83.6 टक्के ब्राउझर आवृत्ती, अक्षरवळणे, पडद्याचा आकार अशा साध्या गोष्टींच्या जुळणीवरून एकमेव ठरले, कुकीशिवायच. पाहणीत स्वतःहून आलेल्या लोकांचे ब्राउझर असल्याने हा आकडा सर्व जगाला जसाच्या तसा लावू नये, पण तत्त्व पक्के आहे. एक विश्वासार्ह जोडणी पुरे; पाच नकोत.

भित्तिपत्रकावर क्वचितच असणारा नियम मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे: ब्राउझर अद्ययावत ठेवा. फेब्रुवारी 2023 पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज 7 वर चालत नाहीत, आणि विंडोज 10 चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. जुन्या यंत्रावर सेटिंग कितीही काटेकोर ठेवले तरी भिंतीतले भगदाड पडद्याने झाकल्यासारखे होते. अशा यंत्रावरून निदान बँकेचे आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींचे काम करू नये.

बोर्डिंगमधली ट्रंक

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहापासून या भागाला सामायिक जीवनाची ओळख आहे. एका दालनात सर्वांनी झोपायचे, एका पंगतीत जेवायचे. पण प्रत्येकाची ट्रंक वेगळी. सामायिक संगणकाचा प्रश्न याच रीतीने सुटतो. विंडोजची निदान दोन खाती हवीत: एक कार्यालयाचे, परवलीच्या शब्दासह, आणि एक विद्यार्थ्यांचे, नव्या आज्ञावली बसवण्याचा अधिकार नसलेले. ब्राउझरमधली वेगळी 'प्रोफाइल' ही त्यापेक्षा कमी दर्जाची सोय. ट्रंक आहे, पण कुलूप नाही. विद्यार्थ्यांच्या खात्यात परवलीचे शब्द साठवण्याची सोय बंद ठेवावी आणि ब्राउझर बंद होताच कुकी पुसल्या जातील असे सेटिंग करावे. कार्यालयाच्या यंत्रावर मात्र परवलीचे शब्द साठवणारी चांगली आज्ञावली वापरणे, वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून ठेवण्यापेक्षा बरे.

उघडे राहिलेले खाते ही किरकोळ बाब वाटते, ती तशी नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील मजकुरावरून हिंसाचार झाला, एका तरुणाचा बळी गेला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्या घटनेचा तपास हा वेगळा विषय आहे. पण अशा तापलेल्या वेळी, कोणाच्या नावाने मजकूर आला हे लोक पाहतात. तो खरोखर कोणी लिहिला हे विचारायला कोणी थांबत नाही. दुसऱ्याच्या उघड्या खात्यातून गंमत म्हणून काही लिहिणे किती महागात पडू शकते, हे मुलांना सांगण्यासाठी यापेक्षा जवळचे कारण नको.

सेटिंग जेथे संपते

एवढे सगळे केले तरी एक मर्यादा उरते. जानेवारी 2023 मध्ये असे उघडकीस आले की 'दीक्षा' या शासकीय शैक्षणिक मंचाच्या माहितीचा एक साठा इंटरनेटवर संरक्षणाविना पडून होता. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, दूरध्वनी क्रमांक व ईमेल पत्ते होते आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांविषयीचीही माहिती होती. त्या शिक्षकांनी आपल्या ब्राउझरमध्ये काहीही बदलले असते तरी हे टळले नसते. माहिती एकदा समोर गेली की तिचे रक्षण समोरच्याच्या हाती. म्हणून 'सर्व जबाबदारी वापरणाऱ्याची' हा जो सूर सायबर सुरक्षेच्या बहुतेक प्रशिक्षणांत असतो तो अपुरा आहे, आणि थोडासा अन्यायाचाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि बालकांचा माग काढणे व त्यांना उद्देशून जाहिराती करणे यांवर बंधन आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. शैक्षणिक कामासाठी काही सवलती आहेत. त्या सवलती म्हणजे मोकळीक नव्हे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मुलांचे जन्मदिनांक व आधार क्रमांक असलेली यादी टाकणे बंद करायला कोणत्याही कायद्याची वाट पाहायला नको.

वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. टाळेबंदीनंतर मुलांचे मोबाइलचे वेड कमी होईना, म्हणून ऑगस्ट 2022 मध्ये ग्रामसभेत ठरले: रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास दूरदर्शन व मोबाइल बंद. त्या वेळात मुले अभ्यास करतील, मोठी माणसे वाचतील, बोलतील. या उपक्रमाची चर्चा झाली ती बहुधा 'मोबाइलपासून सुटका' म्हणून. या लेखाच्या दृष्टीने त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. गावाने एक मूळ सेटिंग बदलले, आणि ते एकेकट्याने आपापल्या घरात न बदलता एकत्र बसून, चर्चा करून, सर्वांसाठी बदलले. दीड तासाने गोपनीयतेचा प्रश्न सुटत नाही हे खरे. पण एकट्या मुलाला जे जमत नाही ते सर्वांनी मिळून ठरवले की जमते, हे त्यातून कळते. ब्राउझरचे पान नेमके याच्या उलट सांगते: तू एकटा, तुझी निवड, तुझी जबाबदारी.

शाळेलाही आपल्या संगणक कक्षाची अशी सभा घेता येईल. एक तास पुरतो. पानावरील प्रत्येक कळ मोठ्या पडद्यावर दाखवावी आणि मुलांना तीनच प्रश्न विचारावेत: ही कळ कोणापासून वाचवते? त्यासाठी आपण कोणाला काय कळू देतो? आपल्या कक्षात ती चालू हवी की बंद? ठरलेले निर्णय कारणांसह भिंतीवर लावावेत. ते भित्तिपत्रक छापील भित्तिपत्रकापेक्षा साधे दिसेल, पण त्यातल्या प्रत्येक ओळीला आपले कारण असेल.

त्याआधी एक प्रयोग करून पाहावा. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर जन्ममहिना लिहावा. बारा महिने असल्याने एका महिन्यात सरासरी तीन-चार मुले येतील, कोणीही सहज ओळखू येणार नाही. मग भावंडांची संख्या आणि शाळेत येण्याचे साधन हेही लिहावे. प्रत्येकाचे चार पर्याय धरले तर 12 × 4 × 4 म्हणजे 192 खाने झाले, आणि मुले चाळीसच. बहुतेक चिठ्ठ्या एकट्या पडतील. चिठ्ठीवर नाव नसूनही वर्ग ती कोणाची हे ओळखू लागेल. आजार, जात, घरचे उत्पन्न असे काही विचारू नये, आणि प्रयोगानंतर चिठ्ठ्या सर्वांसमोर फाडून टाकाव्यात. त्या फाडताना एखादा विद्यार्थी विचारील, "सर, पण आता सगळ्यांना कळलंच की!" धड्यातला सर्वांत अवघड मुद्दा त्याला समजला आहे असे मानायला हरकत नाही.